ऊन नेहमी डावीकडून

मी चौकटी करतो. लाकूड, काच, खिळे.
नीवेस शेजारच्या गाळ्यात बसते,
मेलेल्या वास्तुकारांची चित्रं हातानं पुन्हा काढते.
आमच्या दोघांत एक भिंत आणि एक कॉफीची किटली,
जी मुळात कुणाची ते आता आठवत नाही.

त्रिएस्तेत बोरा वारा सुटला
की ती कागद ओला करत नाही.
एरवी कागद भिजवायचा, फळीवर ताणायचा,
कडांना डिंकाची पट्टी, रात्रभर वाळू द्यायचा.
सकाळी टिचकी मारल्यावर
डफासारखा वाजला तर खरा.
वाऱ्यात तो एकाच कडेनं आधी वाळतो
आणि सुरकुततो, दुधावरच्या सायीसारखा.

मग शाई. गडद कधीच नाही.
पाण्याला नुसती तिची आठवण असावी, इतकीच.
एक हात, वाळू दे. दुसरा हात, वाळू दे.
एकेका खांबाच्या गोलाईला वीस-बावीस हात.
मी एकदा म्हणालो, एकदाच जाड द्यावा की.
वर न बघता तिनं विचारलं,
तू पॉलिश एका हातात उरकतोस का?

मी गप्प.

या चित्रांत ऊन नेहमी डावीकडून येतं,
वरून, तिरपं, पंचेचाळीस अंशांत.
तेव्हाची रीतच होती म्हणे.
बाहेर धुकं असो, रात्र असो, लढाई असो,
कागदावर कायम सकाळचे साडेनऊ
आणि कुणालाच कुठे जायची घाई नाही.
नीवेसच्या गाळ्याला खिडकी एकच, तीही उजवीकडे.
चाळीस वर्षं ती स्वतःच्या हाताच्या सावलीत
दुसऱ्यांच्या सावल्या काढते आहे.

गेल्या हिवाळ्यात ऊदिनेहून एक दंतवैद्य आला.
त्याला हवं होतं एका जकातघराचं चित्र,
दोनशे वर्षांपूर्वी काढलेलं, कधीच न बांधलेलं,
मधे घुमट, दोन्ही अंगांना खिडक्यांची रांग.
प्रतीक्षालयात लावायला. सोफा हिरवा आहे, म्हणाला.

नीवेस तीन दिवस अभिलेखागारात भिंग घेऊन बसली.
तिसऱ्या संध्याकाळी माझ्या दारात उभी:
डावीकडे बारा आहेत, उजवीकडे अकरा.
कुणी तरी पोरगं असणार, उमेदवारी करणारं.
उरलेली जागा त्यानं खिडक्यांमध्ये वाटून टाकलीय,
जरा जरा, कुणाला कळू नये अशी,
आणि वर सावली इतकी देखणी घातलीय
की साहेबानं चूक पोटात घातली असेल.
किंवा कान उपटले असतील.
थंडीत, अशाच कुठल्या तरी गाळ्यात.

दंतवैद्य फोनवर म्हणाला, मग तुम्ही बारा करा.
ती म्हणाली, बघते.
तिच्या 'बघते'चा अर्थ मला माहीत होता.

तिनं कंपासाच्या टोकाची भोकंसुद्धा उतरवली,
दर कमानीमागे एक, सुईनं,
काचेआड कुणाला दिसणार नाहीत अशी.
शाईचा एक ओघळ होता, तो त्या पोरानं
पावाच्या तुकड्यानं पुसू पाहिला होता.
तो ओघळ आला. ते पुसू पाहणंही आलं.

मी अक्रोडाची चौकट केली. बिल गेलं, पैसे आले.
दंतवैद्यानं मोजल्या नाहीत.

मार्चमध्ये त्याचा फोन.
गाल सुजलेली एक मुलगी, सातेक वर्षांची,
आत बोलावेपर्यंत मोजत बसली होती,
एकेका खिडकीवर बोट ठेवून. काचभर ठसे.
खुर्चीत आ करण्याआधी म्हणाली,
तुमच्या त्या घराचा एक दात पडलाय.
नवा येतोय का?

तो चिडलाय की हसतोय, नीवेसला कळेना.
चौकटवाल्याशी बोला, म्हणाली,
फोन माझ्या हातात दिला
आणि कुंचले धुवायला निघून गेली.

मी त्याला सांगितलं,
काच पुसताना फडकं फार ओलं नको.
दुसरं काही सुचलं नाही.